सीएनसी राऊटर नवा घेतलाय? जोडणीपासून पहिल्या पाटीपर्यंतचे नेहमीचे प्रश्न

नवा सीएनसी राऊटर घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फीड, म्हणजे कापताना बिट (कापणारं पातं) पुढे सरकण्याचा वेग, किती ठेवायचा? फीडचं गणित खाली दिलंय, ते सोपं आहे. पण फ्रेम गुण्यात नसेल, बेड सपाट नसेल किंवा माल नीट धरलेला नसेल, तर कुठलाही आकडा टाका, काप बिघडणारच. मग माणूस घाबरून फीड कमी करतो आणि काम आणखी बिघडतं. म्हणून आधी गुण्या, मग वीज, मग सेटिंग, मग बेड. फीड शेवटी.

इथलं बहुतेक लिखाण जीआरबीएल कंट्रोलरवर (मशीनच्या मोटरींना हुकूम देणारा बोर्ड आणि त्यातलं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या छोट्या आणि मध्यम मशीनसाठी आहे. फर्निचरच्या कारखान्यात दिसणाऱ्या मोठ्या १३२५ मशीनवर (बेड १३०० बाय २५०० मिमी, म्हणजे आठ बाय चारचा अख्खा शीट मावतो) बहुधा हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर असतो. त्याची बटणं वेगळी, पण झिरो, बिट, फीड आणि पकड यांचे नियम तेच.

कुठल्या मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची?

३०१८ नावाने मिळणाऱ्या टेबलावरच्या मशीनचा कामाचा भाग ३०० बाय १८० मिमी असतो. त्यावर ७७५ नंबरची छोटी डीसी मोटर आणि ईआर११ कॉलेट (बिटाचा दांडा आवळून धरणारी बाही) असतो. नावाची पाटी, पीसीबी, ३ ते ५ मिमी प्लाय, ॲक्रिलिकवरचं कोरीव काम यासाठी ते ठीक आहे. १८ मिमी प्लायचे कप्पे त्यावर कापायला जाऊ नका. एकदा कापून होईल, धंदा होणार नाही.

दोन बाय तीन फुटांचं मशीन घेत असाल तर जाहिरातीतल्या स्पिंडलच्या (बिट फिरवणारी मोटर) किलोवॅटआधी झेड, म्हणजे वर-खाली हलणारा अक्ष बघा. स्पिंडल हाताने धरून पुढे-मागे ढकला. डोळ्याला दिसेल इतका हलला, तर २.२ किलोवॅटचा स्पिंडलही काही कामाचा नाही. बॉलस्क्रू, लिनिअर रेल आणि नेमा २३ मोटरी असतील तर लाकडाच्या कामाला असं मशीन पुष्कळ झालं.

जोडताना काय तपासायचं?

गॅन्ट्री, म्हणजे वरची आडवी कमान, बाजूच्या रेलशी काटकोनात हवी. छोटा गुण्या लावून हे नीट कळत नाही. स्पिंडलमध्ये व्ही-बिट (व्ही आकाराचा टोकदार बिट) लावा, बेडवर टेप चिकटवा आणि मशीनकडूनच चार टिंबं मारून घ्या: ३०० बाय ४०० मिमी आयताचे चार कोपरे. आता दोन्ही कर्ण स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही ५०० यायला हवेत. एक ५०१ आणि दुसरा ४९९ आला तर गॅन्ट्रीची एक बाजू पुढे गेलेली आहे. बोल्ट सैल करून सरकवा आणि पुन्हा टिंबं मारा. दोन्ही कर्ण सारखेच, पण ५०० नसतील, तर गुण्या बरोबर आहे आणि चूक स्टेप्सच्या सेटिंगमध्ये आहे. या दोन चुकांची गल्लत फार होते.

मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू एकेक करून आवळा. शाफ्टला एक बाजू सपाट केलेली असेल तर एक ग्रब स्क्रू त्या सपाटीवरच बसला पाहिजे. ‘मशीन मधेच जागा सोडतं’ अशा तक्रारींमागे अनेकदा एवढा एक सैल स्क्रू निघतो.

वीज आणि अर्थिंग

स्पिंडल व्हीएफडीवर (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा डबा) चालणारा असेल तर तो जोडण्याआधी व्हीएफडीचं सेटिंग करा. बाजारातले बहुतेक २४,००० आरपीएमचे स्पिंडल ४०० हर्ट्झचे, दोन पोलचे असतात. व्हीएफडीमध्ये बेस फ्रिक्वेन्सी कारखान्यातून ५० हर्ट्झ लावलेली असू शकते. तशीच ठेवून चालू केलं तर ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट स्पिंडलला मिळतात आणि वाइंडिंग जळतं. बेस आणि कमाल, दोन्ही फ्रिक्वेन्सी ४००, व्होल्टेज आणि करंट स्पिंडलच्या पट्टीवर लिहिलेले, पोल २, असं भरून घ्या. पॅरामीटरचे नंबर कंपनीप्रमाणे बदलतात, तेव्हा सोबतचं पुस्तक उघडा. व्हीएफडी चालू असताना स्पिंडलची वायर कधीही काढायची नाही.

पाण्याने थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंप आधी, स्पिंडल नंतर. बोअरचं पाणी वापरलं तर आत क्षार धरतात, म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. परतीच्या नळीतून पाणी पडताना दिसेल अशी नळी ठेवा. हवेने थंड होणारा स्पिंडल ८,००० आरपीएमच्या खाली फार वेळ चालवू नका. त्याचा पंखा त्याच शाफ्टवर असतो, वेग कमी झाला की वाराही कमी.

२.२ किलोवॅटच्या स्पिंडलला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्या, एक्स्टेन्शन बोर्ड नको. अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. तीन पिनांचा सॉकेट भिंतीत दिसतो म्हणून मागे अर्थ असतोच असं नाही. याचा संबंध शॉकशी आहे तसाच काम मधेच बंद पडण्याशीही आहे. व्हीएफडीचा विद्युत गोंगाट यूएसबी आणि लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचला हे सांगणारा स्विच) वायरीत शिरतो. स्पिंडलला शिल्डेड केबल घ्या, तिची जाळी व्हीएफडीच्या बाजूला अर्थ करा, आणि सिग्नलच्या वायरी तिच्यापासून निदान हातभर लांब न्या. यूएसबी केबल दीड मीटरच्या आत आणि फेराइटची गोळी असलेली हवी.

जीआरबीएलमधले कुठले आकडे बघायचे?

कँडल, युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा जीसेंडर, यातला कुठलाही प्रोग्राम उघडून कन्सोलवर $$ टाईप करा. लांब यादी येते. सुरुवातीला त्यातल्या मोजक्याच ओळी लागतात.

$१००, $१०१ आणि $१०२ हे तीन अक्षांचे मिलिमीटरमागचे स्टेप्स. हा आकडा आधी हिशोबाने काढा. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटरचा ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे प्रत्येक पावलाचे १६ भाग करत असेल, तर ३२०० झाली. ३०१८ च्या स्क्रूची चाल सहसा एका फेऱ्याला ४ मिमी, म्हणून ३२०० भागिले ४, म्हणजे ८००. पाच मिमी चालीचा बॉलस्क्रू आणि ८ मायक्रोस्टेप असेल तर १६०० भागिले ५, म्हणजे ३२०. वीस दातांची जीटी२ पुली आणि पट्टा असेल तर एका फेऱ्याला ४० मिमी, म्हणून ३२०० भागिले ४०, म्हणजे ८०.

मग १०० मिमी हलवून मोजा. पट्ट्याच्या मशीनवर ९८.५ भरलं तर जुना आकडा गुणिले १०० भागिले ९८.५ हे सूत्र वापरायला हरकत नाही. स्क्रूच्या मशीनवर मात्र इतका फरक पडायलाच नको. पडला तर आकड्याला हात लावण्याआधी सैल कपलिंग किंवा झिजलेला नट शोधा. तिथे आकडा बदलणं म्हणजे दुखणं झाकणं.

$११० ते $११२ हा कमाल वेग, मिमी प्रतिमिनिट. $१२० ते $१२२ हा ॲक्सिलरेशन. मोटर किंचाळून जागेवरच थरथरली तर यातलं काहीतरी जास्त आहे. जिथे अडते त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. $३० मध्ये स्पिंडलचा कमाल आरपीएम भरा. तिथे १००० असेल आणि फाईलमध्ये एस १०००० असेल, तर स्पिंडल कायम पूर्ण वेगाने फिरेल. $३२ म्हणजे लेझर मोड, राऊटरवर तो शून्यच हवा. मशीनला लिमिट स्विच असतील तर $२२ ने होमिंग (स्विचपर्यंत जाऊन मशीनने आपली जागा शोधणं) आणि $२० ने सॉफ्ट लिमिट (हद्दीबाहेर जाण्याआधीच थांबणं) चालू करा. होमिंगनंतर मशीनच्या जागेचे आकडे उणे दिसतात. जीआरबीएलची पद्धतच तशी आहे, बिघाड नव्हे.

बेड सपाट करणं

वर टाकायचा १८ मिमी एमडीएफ हा बळी द्यायचाच बोर्ड आहे. तो बिटाने खराब होणार, स्क्रूने भोकं पडणार, आणि वर्षा-दोन वर्षांनी बदलायचा. पण बसवल्यावर तो मशीनकडूनच सपाट करून घ्यायला हवा. २२ किंवा २५ मिमीचा सरफेसिंग बिट लावा, खोली ०.५ मिमी, दोन पट्ट्यांमधलं अंतर बिटाच्या ४० टक्के. मध्यम मशीनला हे झेपतं. ३०१८ वर ईआर११ मध्ये मावेल असा ६ मिमी शँकचा (दांड्याचा) लहान सरफेसिंग बिट घ्या आणि खोली ०.२ वर आणा.

काम झालं की बोर्डवरून आडवी बोटं फिरवा. पट्ट्यांच्या कडा बोटाला लागत असतील तर स्पिंडल तिरका आहे. कडा डावी-उजवीकडे हात फिरवताना लागतात की पुढे-मागे, त्यावरून तो कुठल्या बाजूला झुकलाय ते कळतं. स्पिंडल-माउंटच्या मागे पातळ पत्र्याची किंवा कागदाची घडी घालून तो सरळ करा आणि बोर्ड पुन्हा फिरवून घ्या.

झिरो कुठे घ्यायचा?

मशीनचा झिरो आणि कामाचा झिरो हे दोन वेगळे. होमिंगने मिळतो तो मशीनचा. तुम्ही मालाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर लावता तो कामाचा, जी-५४ मध्ये साठवलेला. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये झिरो जिथे ठेवला असेल तिथेच मशीनवरही हवा. ड्रॉइंगमध्ये मध्यावर आणि मशीनवर कोपऱ्यात असं झालं की पाटीचा तीन चतुर्थांश भाग मालाबाहेर कोरला जातो.

झेडचा झिरो घ्यायची साधी रीत: बिटाखाली प्रिंटरचा कागद धरा, ०.१ मिमीच्या पावलांनी खाली या, आणि कागद अडकायला लागला की थांबा. कागद साधारण ०.१ मिमीचा असतो. टच प्लेट (बिट टेकताच झिरो कळवणारी धातूची पट्टी) असेल तर तिची जाडी वर्नियरने मोजून सेंडरमध्ये भरा, डब्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. बिट बदलला की झेड पुन्हा घ्यायचा, दर वेळी. एक्स आणि वायला हात लावायचा नाही.

आरपार कापायचं असेल तर झेड झिरो मालाच्या वर न घेता बेडवर घेणं जास्त शहाणपणाचं. अठराचा म्हणून आणलेला प्लाय मोजला तर १७ किंवा १७.४ भरतो, आणि एकाच शीटमध्येही जाडी बदलते. बेडवर झिरो घेतला की बिट बोर्डात ०.२ मिमी जाऊन थांबतो, जाडी काहीही असो.

पहिल्यांदा कुठलीही फाईल चालवताना झेड झिरो मालाच्या वर २५-३० मिमीवर लावून हवेत चालवा. क्लॅम्पवर बिट जातोय का, आकार पाहिजे तेवढाच आहे का, तिथेच कळतं.

बिट, कॉलेट आणि फीड

ईआर कॉलेट आधी नटमध्ये तिरका घालून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायचा, मग नट स्पिंडलवर चढवायचा. कॉलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर बिट वाकडा बसतो आणि कॉलेट काढताना अडकतो. बिटाचा दांडा कॉलेटच्या निदान तीन चतुर्थांश लांबीपर्यंत आत हवा. ३.१७५ मिमी म्हणजे पाव इंचाचा अर्धा. तीन मिमीच्या कॉलेटमध्ये तो रेटू नका, आणि ६.३५ च्या कॉलेटमध्ये ६ चा बिट आवळू नका. बसल्यासारखा वाटतो, चालू कामात खाली सरकतो आणि पाटीला शेवटी भोक पडतं.

आता फीड. सूत्र एकच: आरपीएम गुणिले धारांची संख्या गुणिले एका धारेने काढायच्या चिपची जाडी. ३०१८ वर ३.१७५ मिमीचा दोन धारांचा बिट, ९,००० आरपीएम, एमडीएफ किंवा नरम लाकडात चिप ०.०४: गुणाकार ७२० मिमी प्रतिमिनिट. मध्यम मशीनवर ६ मिमीचा दोन धारांचा बिट, १६,००० आरपीएम, चिप ०.०८: २,५६० मिमी प्रतिमिनिट. ॲक्रिलिकसाठी एका धारेचा ३.१७५ चा बिट, १५,००० आणि ०.०८: १,२०० मिमी.

नवशिके यातला तिसरा आकडा विसरतात. भीतीने २,५६० चा फीड ६०० वर आणला आणि स्पिंडल १६,००० वरच ठेवला, तर चिप ०.०२ पेक्षाही कमी उरते. धार मग लाकूड कापत नाही, घासते. घासलं की गरम होतं, लाकूड काळं पडतं, ॲक्रिलिक वितळून बिटाला गोळा धरतं आणि धार बोथट होते. फीड कमी करायचाच असेल तर त्याच प्रमाणात आरपीएमही कमी करा, किंवा एका धारेचा बिट घ्या. खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन बघा. पिठासारखा असेल तर घासतोय. बारीक का होईना, पण कातरल्यासारखे तुकडे असतील तर कापतोय. एमडीएफला हा नियम तितका लागू नाही, त्याचा भुसा मुळातच बारीक पडतो. तिथे बिट हाताला किती गरम लागतो ते बघा, अर्थात स्पिंडल पूर्ण थांबल्यावर.

एका वेळी खोली किती? छोट्या मशीनवर बिटाच्या व्यासाच्या अर्धी, मजबूत मशीनवर लाकडात व्यासाएवढी. सरळ खाली घुसण्याचा फीड मुख्य फीडच्या एक तृतीयांश ठेवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये रॅम्प (तिरकं उतरत घुसणं) असेल तर तो चालूच ठेवा.

अपकट बिट भुसा वर फेकतो, पण प्लायचं वरचं व्हिनियर फाडतो. डाऊनकट वरची कड साफ ठेवतो, पण भुसा खाचेत दाबतो. दोन्ही बाजू दिसणाऱ्या प्लायला कॉम्प्रेशन बिट (खाली अपकट, वर डाऊनकट), मात्र पहिला पास त्याच्या खालच्या अपकट भागापेक्षा खोल हवा, नाहीतर पैसे जास्त मोजून अपकटचंच काम मिळतं. ॲक्रिलिक घेताना कास्ट मागा. एक्सट्रुडेड स्वस्त असतं आणि लवकर चिकटतं.

माल धरणं

कडेने क्लॅम्प लावले की शीट मधून फुगतो. पातळ मालाला मास्किंग टेप आणि फेव्हिक्विकची जोडी चांगली चालते: एक टेप बेडला, एक मालाच्या पाठीला, मधे फेव्हिक्विकच्या रेषा, अर्धा मिनिट दाबून धरा. जाड मालाला टाकाऊ भागातून बोर्डात स्क्रू मारा आणि त्या जागा ड्रॉइंगमध्ये खूण करून ठेवा. तुकडा सुटून बिटात अडकू नये म्हणून आरपार कापाला टॅब (न कापता ठेवलेले छोटे जोड) द्या: रुंदी ४ ते ५ मिमी, उंची १.५ मिमी, प्रत्येक तुकड्याला निदान चार. सेफ झेड, म्हणजे काम नसताना बिट जितक्या उंचीवरून फिरतो ती उंची, सर्वात उंच क्लॅम्पच्या वर हवी.

पहिलं काम: मराठी नावाची पाटी

इथे मशीनपेक्षा फाईल जास्त त्रास देते. कोरीव कामाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी थेट टाईप केली की ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जातो, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून मजकूर इंकस्केपमध्ये लिहा. समजा घराचं नाव ‘मातृछाया’. जाड, गोलसर फाँट घ्या, अक्षराची उंची ५० मिमी. मग पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ, त्यानंतर अनग्रुप, त्यानंतर युनियन.

युनियन टाळता येत नाही. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते आणि काना आधीच्या रेषेत घुसलेला असतो. पडद्यावर सगळं काळं भरलेलं असल्याने हे दिसत नाही, पण मशीनला फक्त कडा दिसतात. युनियन न करता व्ही-कार्व्हिंग केलं तर ‘मा’ आणि ‘तृ’ च्या मधे शिरोरेषेत आडवे-उभे चिरे उमटतात. व्ह्यू मेनूतून आऊटलाईन डिस्प्ले लावून बघा: एका शब्दाला बाहेरून एकच अखंड रेषा दिसली पाहिजे, आत फक्त बंद पोकळ्या.

मग एसव्हीजी सेव्ह करून व्हीकार्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. तिथे पहिलं काम, रुंदी तपासणं. काही सॉफ्टवेअर इंचाला ९६ पिक्सेल धरतात, काही ७२. त्यामुळे ३०० मिमीची पाटी २२५ किंवा ४०० मिमीची होऊन येते. फुकटचं एफ-एन्ग्रेव्ह वापरत असाल तर डीएक्सएफ लागेल.

व्ही-बिट रेषेच्या रुंदीप्रमाणे खोल जातो. ६० अंशांच्या बिटाने ६ मिमी रुंदीची रेष कोरायला ५.२ मिमी खोली लागते, ९० अंशांच्या बिटाला तीच रेष ३ मिमीत होते. जाड फाँट आणि १२ मिमी बोर्ड असेल तर ९० अंशांचा घ्या. पण बोर्ड अर्धा मिमी उंच-सखल असेल तर ९० च्या बिटाने रेषेची रुंदी १ मिमीने बदलते, ६० च्या बिटाने साधारण ०.६ ने. पाटीच्या एका टोकाला अक्षरं जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येण्याचं कारण हेच. सागवान किंवा आंब्याची फळी असेल तर कोरण्याआधी तिचा वरचा भाग मशीनवरच सरफेस करा, आणि मग न सोडता तशीच कोरा.

अक्षरं कापून सुटी काढायची असतील तर देवनागरीत एक सोय आहे: शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो. सुटतात ते अनुस्वार आणि नुक्ते. त्यांना वेगळे टॅब द्या, नाहीतर ते व्हॅक्यूमच्या पोटात जातील. उलट, पत्र्यात किंवा बोर्डात अक्षरांची भोकं पाडायची असतील तर तीच शिरोरेखा गैरसोयीची. म, प, य यांच्या पोकळ्या तिने वरून बंद केलेल्या असतात (व, ब यांच्या मुळातच बंद), त्यामुळे आतला तुकडा गळून पडतो. तिथे निदान २ मिमी रुंदीचे पूल ठेवावे लागतात.

नेहमीचे बिघाड

काप एका उंचीनंतर सगळाच बाजूला सरकलेला असेल तर मोटरने पावलं गाळली: फीड किंवा ॲक्सिलरेशन जास्त, ग्रब स्क्रू सैल, किंवा ड्रायव्हर तापलेला. गोलाला चार ठिकाणी छोट्या सपाट्या येत असतील तर बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई), नट आवळा किंवा बदला. गोल पूर्णच अंडाकृती असेल तर एक्स आणि वायचे स्टेप्स जुळत नाहीत.

अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच लागला. जवळपास स्विच नसताना, तेही स्पिंडल चालू झाल्यावरच येत असेल, तर तो विद्युत गोंगाट समजा आणि वर लिहिलेलं केबलचं काम करा. अलार्म २ म्हणजे फाईल मशीनच्या हद्दीबाहेर जातेय, बहुतेक वेळा झिरो चुकीच्या जागी घेतलाय. एरर ९ म्हणजे मशीन कुलूपबंद आहे. आधी होमिंग करा. नुसतं $एक्स टाकून कुलूप काढता येतं, पण तेव्हा मशीनला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. सगळं काम पंचवीस पट लहान किंवा मोठं आलं तर इंच आणि मिमीची गल्लत: फाईलच्या सुरुवातीला जी-२१ आहे ना ते बघा, जी-२० म्हणजे इंच.

वीज मधेच गेली तर घाईने बिट वर ओढू नका. वीज आल्यावर स्पिंडल बंद ठेवून झेड वर घ्या, होमिंग करा. जी-५४ चा झिरो कंट्रोलरच्या मेमरीत राहतो, त्यामुळे जागा परत मिळते. जी-९२ ने घेतलेला झिरो मात्र पुसला जातो. मग जिथे थांबलं त्याच्या थोडं आधीच्या ओळीपासून सुरू करा, पण त्याआधी जी-२१, जी-९० आणि स्पिंडल चालू करायची एम-३ ची ओळ हाताने द्या. होमिंग स्विच नसलेल्या मशीनवर हे जमत नाही. महावितरणच्या भरवशावर चार तासांचं काम लावणाऱ्याने स्विच आधी बसवावेत.

हातमोजे, धूळ, आग

फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ओढणी आणि सैल बाह्या आवरून घ्यायच्या. चष्मा आणि कानाला मफ हवेतच. एमडीएफच्या बारीक धुळीला रुमाल पुरत नाही, एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी बोर्ड बोथट बिटाने तापला की त्यातून झोंबणारा आम्लाचा वायू निघतो, तेव्हा खिडकी उघडी आणि धार नवी. घासणाऱ्या बिटाने पेटलेली एक ठिणगी व्हॅक्यूमच्या पिशवीत जाऊन तासाभराने धुमसू शकते. म्हणून चालू मशीन सोडून जेवायला जायचं नाही, आणि रात्री पिशवी भरलेली ठेवायची नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटण मशीनच्या पुढच्या बाजूला, वाकावं लागणार नाही अशा जागी लावा.

देखभाल फारशी नाही. रोज काम संपल्यावर रेल कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा कॉलेटच्या चिरांमधला भुसा ब्रशने काढा, स्क्रूला पातळ ग्रीस आणि रेलला मशीन ऑईल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात एमडीएफचा बेड ओल धरून फुगतो, कधी कधी कडेला अर्धा मिमीपर्यंत. जूनमध्ये उघड्या कडांवर टचवूड किंवा सीलरचा एक हात मारा, आणि ऑक्टोबरमध्ये बोर्ड कोरडा झाला की पुन्हा एकदा ०.३ मिमीने सपाट करून घ्या.